वीस मिनिटं आधी

आमच्या बोटीच्या धक्क्यावर चौकशीच्या खिडकीत घड्याळकाका बसतात आणि शेजारच्या खिडकीत मी तिकिटं फाडते. परदेशातून आलेल्या पाहुण्याला कुठंही जायचं असो; बोट, बस, रेल्वे, सगळं काकांना तोंडपाठ. पण माणूस एक नंबरचा लबाड! साडेतीनची बोट असली की पाहुण्याला सांगणार, तीन दहा.

"पाहुणे फोटो काढत बसतात, ताई. वीस मिनिटं त्यांच्या नावानं कापूनच ठेवायची."

सव्वीस वर्षांत त्यांचं ऐकलेल्या एकाचीही बोट चुकली नाही. स्वतः मात्र ते कधी कुठं गेले नाहीत. खिडकी कोण बघणार, म्हणे.

परवा त्यांची लेक परदेशी परत निघाली होती. चार वर्षांनी आली, आठ दिवस राहिली आणि त्यातले सात दिवस हे गृहस्थ ड्यूटीवर! मला तर राग आला होता. संध्याकाळचं विमान, दुसऱ्या दिवशी नव्या नोकरीवर हजर व्हायचं. नाही पोचली तर नोकरी हातची जाणार. विमानतळ खाडीपलीकडे. काकांनी सकाळीच तिला बजावलं होतं, साडेतीनची बोट. पोटच्या पोरीशी कसली लबाडी, म्हणून या खेपेला अगदी खरी वेळ.

तीनपासूनच काकांचं बूड खुर्चीला टेकेना. दहा वेळा चष्मा पुसला. एकानं रेल्वे विचारली, त्याला बस सांगितली. मलाही काही सुचेना. दोन तिकिटं चुकीची फाडली. साडेतीनला भोंगा झाला आणि बोट गेली. पुढची साडेपाचला, म्हणजे विमान गेल्यातच जमा.

तीन चाळीसला लेक आली, नवऱ्याबरोबर, रमतगमत.

"अजून दहा मिनिटं आहेत ना, बाबा?"

लहानपणापासून ती बापाच्या वेळेत वीस मिनिटं मिळवत आली होती. घरात सगळेच मिळवतात.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मग एका दमात म्हणाले, "बोट गेली. खाडीला वळसा घालणारी बस धर, पुलाच्या टोकाला उतर, जिना चढलीस की स्टेशन. विमानतळाची गाडी पाच पाचला. बस तीन पंचेचाळीसला सुटते. पळ!"

ती जागची हलेना. डोळे भरून आले होते. "बाबा, ही खरी वेळ की तुमची?"

काकांनी खिडकीची फळी खाली ओढली, बाहेर आले, तिच्या हातातली बॅग हिसकावली आणि बसच्या दिशेनं पळत सुटले. मागून ती दोघं. बस हलताहलता तिघंही चढले.

सहा वाजता फोन आला. "पोरगी आत गेली, ताई. वेळेत. पावणेदोन तास तिच्या शेजारी बसलो."

मला हुंदकाच आला. "बरं, आता परत कसे येणार?"

"तेच विचारायचं होतं. डोक्यातलं सगळं पुसलं गेलंय बघा. शेवटची बोट कितीची?"

बोट आठची होती.

"सात चाळीस," मी म्हटलं.