तोंड लावून पाणी

माझ्या सुनेच्या मावशीला उद्या साक्षात देव भेटला, तरी ती आधी त्याच्या पायांना सूज आहे का ते बघेल. सगळा जन्म नर्स होती. आता निवृत्त आहे, पण ते तिला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर ती म्हातारी माणसं हेरते, त्यांच्या नडगीवर अंगठा दाबते आणि खळगा पडतो का ते बघत बसते. त्यांना वाटतं, बाई पाया पडते आहे. एका म्हाताऱ्याने तिला आठ पुत्रांचा आशीर्वाद दिला. ही बिनलग्नाची, वय सत्तर. म्हणाली, "पोरं ऱ्हाऊ द्या बाबा, मीठ कमी करा अन् दवाखानामा जा." लग्नात तिला नवरानवरी दिसत नाहीत. एकदा नवरीची आजी अडखळेल म्हणून तिने मांडवातली सतरंजी गुंडाळली, तिच्यात भटजींचा पाटही गेला.

मला लकवा झाला तेव्हा ती आमच्याकडे पुरुषोत्तमनगरला येऊन राहिली. मला कोणी विचारलं नव्हतं. आल्या दिवशी घरातली पायपुसणी गोळा केली आणि न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला. दर दोन तासांनी भाकर उलटवावी तशी मला कुशीवर करायची. त्या दिवसांत मी अर्धी झोपेतच असायचे. खिडकीबाहेर केळीची पानं हलायची आणि वाटायचं, मी तापीच्या तळाशी पडले आहे अन् वरून कोणीतरी चमचा पुढे करतं आहे.

त्या चमच्यावरूनच आमचं भांडण. आमच्याकडे तांब्याला ओठ लावत नाहीत. लहानपणापासून मी मान मागे टाकून वरून धार सोडत पाणी प्यायले. लकव्यानंतर तसं पिताना दोनदा पाणी छातीत गेलं, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीला मी भ्यायले होते. तेव्हापासून मावशी चमच्यानेच पाणी पाजायची, पण त्याने तहान भागायची नाही. एका दुपारी मावशी खुर्चीत पेंगत होती. मी चांगल्या हाताने तांब्या उचलला आणि मान मागे टाकली. असा ठसका लागला की डोळ्यांपुढे सगळं हिरवं झालं. तिने उठून मला पुढे वाकवलं, श्वास येईपर्यंत धरून बसली. श्वास आला तशी मी ओरडले, "तोंड लाईसन पाणी पेवाले मी काय ढोर शे का?"

"ढोरले कधी ठसका लागना का, ईहिनबाई?" ती म्हणाली. "ते मान खाले घालीसन पेस."

तिने मला ताठ बसवलं, हनुवटी खाली केली आणि तांब्या ओठांना टेकवला. एक घोट गेला.

"आते बोला काहीतरी."

"तू भलती आगाऊ शे."

पाणी चुकीच्या वाटेने गेलं की आवाज ओला, घरघरता येतो; तिने डोळे मिटून तो ऐकला. "कोरडा शे. प्या आखो."

नळी लागली नाही. महिन्याभराने मावशी तिच्या गावी गेली. पूर्वी पाणी पिताना मला छत दिसायचं. आता मान खाली असते, तर तांब्यातलं पाणी दिसतं, त्यात खिडकी हलते, थोडं आभाळ असतं. इतकी वर्षं प्यायले, पण आत कधी बघितलं नव्हतं. फोनवर तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "बठीसनच पेतस ना?"

हो म्हटलं. मग फोन बाजूला ठेवून एक घोट घेतला आणि परत उचलून तिला आवाज ऐकवला.