बारदाना वजा करून

आमच्या गल्लीतल्या मापाडी काकांइतकं खरं वजन सांगणारा माणूस अख्ख्या कळंबात झाला नाही, आणि त्यांनी जन्मात एकाचंच खोटं वजन सांगितलं, ते नेमकं माझ्या लेकीचं. अडत बाजारात तीस वर्षं ज्वारी-सोयाबीन मापून त्यांची नजरच काटा झाली होती. पोत्याचं वजन मालातून वगळायचं, हा बारदाना वजा करायचा नियम त्यांनी घरीदारी सगळीकडं लावला. मुलगी बघायला गेले तरी पोहे यायच्या आत पुटपुटायचे, "बावन्न. दागिने वजा करून." एकदा भर लग्नात माझ्या सासूबाईंचं वजन शालू वजा करून सांगितलं, सासूबाई दोन वर्षं बोलल्या नाहीत.

माझी पोर सव्वा वर्षाची झाली तरी सात किलोच्या पुढं सरकेना. वरणभात, तूप, शेंगदाण्याचं कूट, सगळं करून झालं. येणारी-जाणारी पोरीकडं बघायची, मग माझ्याकडं. मी कोपऱ्यात जाऊन रडायची. शेवटी काकांनीच मनावर घेतलं. दर बाजारच्या दिवशी ताणकाटा आढ्याला अडकवून पोरीला झोळीत घालायचे. मग झोळी वजा, वाळे वजा, करदोटासुद्धा वजा. "सात किलो शंभर, सूनबाई!" पुढच्या बाजारी दीडशे, मग अडीचशे. मी तर पेढे वाटायच्या बेतात होते. अंगणवाडीच्या ताई वजनाला बोलवायच्या, तर मीच ठसक्यात म्हणायचे, "आमचा घरचा काटा आहे की!"

महिन्यानं ताईंनी ओढूनच नेलं. त्यांच्या काट्यावर सहा किलो नऊशे भरलं. मी तशीच काकांच्या दारात गेले. ते मान खाली घालून उभे राहिले.

"थंडी वाढंल तशी आधी टोपी, मग स्वेटर, म्या वजाच केलं न्हाय. तुझं तोंड बघवत नव्हतं, पोरी."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीत जंतू झालेत, महिनाभर आधी आणायला हवं होतं. आठ दिवस त्या काडीएवढ्या हातात सुई होती. घरी आल्यावर मी भर गल्लीत काकांना म्हणाले, "माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही." त्यांनी लावला नाही. नळाला पाणी आलं की आमच्या दारावर थाप मारायचे, तेही बंद झालं.

पोर आता तीन वर्षांची आहे. काटकुळीच आहे, पण खाते, पळते. पंधरवड्यापूर्वी अंगणवाडीला जाताना माझा हात सोडून ती काकांच्या ओट्यावर चढली. त्यांनी उचलायला हात पुढं केले, मागं घेतले आणि माझ्याकडं बघितलं.

"उचला की," मी म्हणाले.

त्यांनी तिचं दप्तर काढलं, बूट काढले, मग उचलली. किती तरी वेळ खाली ठेवलीच नाही.

"अकराला दोनशे कमी," ते म्हणाले. "समदं वजा करून."

अकरा म्हणाले असते तरी मला चाललं असतं. "बाजारच्या दिवशी काटा घेऊन घरी या," मी म्हणाले. ते व्हय म्हणाले. दोन बाजार होऊन गेले, अजून आलेले नाहीत.