डाळ न शिजण्याबाबत

पद्माकर देवस्थळी यांनी डॅरिनबा या गावाला सहा महिन्यांची मुदत दिली होती. हा शब्दप्रयोग त्यांचाच. वास्तविक मुदत गावाने घातली होती. तिथल्या लहानशा रुग्णालयाला रक्त तपासणारे माणूस हवे होते, म्हणून सिडनीत वेस्टमीडच्या लॅबमध्ये बारा वर्षे काढलेल्या त्यांच्या बायकोने, श्यामलाने, सहा महिन्यांचा करार केला. २०२१च्या फेब्रुवारीत क्वीन्सलँड राज्याची साथीत बंद केलेली सीमा सिडनीकरांसाठी उघडताच दोघे गाडीत सामान कोंबून टूवूंबा शहराच्याही पश्चिमेला दोन तासांवर येऊन पोहोचले. पद्माकरांची नोकरी महामारीने आधीच घरात आणून बसवली होती. लॅपटॉप कुठे उघडला आहे याची ऑफिसात कोणाला पर्वा नव्हती. "सहा महिने. वर एक दिवस नाही," असे त्यांनी श्यामलाकडून कबूल करून घेतले होते.

आता जून उजाडला होता आणि महिनाअखेरपर्यंत रुग्णालयाला कळवायचे होते : कायमची नोकरी हवी की नको. श्यामलाला हवी होती. ती तसे म्हणत नव्हती. पण सकाळी कामाला निघताना गुणगुणू लागली होती, आणि वेस्टमीडला जाताना तिने कधी गुणगुणल्याचे पद्माकरांना आठवत नव्हते. म्हणून त्यांना एक भक्कम, लेखी कारण हवे होते.

गैरसोयींना तोटा नव्हता. आठवड्यातून एक बस, दुपारी झोपा काढणारे इंटरनेट, चहाच्या कपात पोहायला येणाऱ्या माश्या. रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक अनोळखी चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून नमस्कार करी, आणि मग आपल्यालाही उचलावे लागे. पद्माकर नाइलाजाने उचलत. हल्ली तर आधीच उचलत. पण यातले काहीच श्यामलाच्या गुणगुणण्यापुढे टिकण्यासारखे नव्हते.

कारण सापडले ते स्वयंपाकघरात. गावाला पाणी बोअरचे. किटलीत आठवड्याभरात पांढरी खपली धरे आणि तूरडाळ कुकरच्या सात शिट्ट्यांनंतरही दाण्याला दाणा फटकून राही. वरण म्हणून ताटात जे येई, ते वर पिवळे पाणी आणि तळाशी खडी. सिडनीहून, वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून आणलेल्या डाळीवर संशय घेऊन झाला, कुकरची रिंग बदलून झाली. अखेर गुन्हेगार पाणीच निघाले.

तक्रार ही पद्माकरांची विद्या होती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते यंत्रे शिकले, पण प्रभुत्व मिळवले ते अर्जावर. सिडनीतल्या पंधरा वर्षांत त्यांनी शेजारचा कुत्रा, स्टेशनची बंद लिफ्ट, फुटपाथवर टेकून ठेवलेल्या सायकली अशा विषयांवर एकशे बेचाळीस पत्रे धाडली आणि तितकेच संदर्भ क्रमांक मिळवले. क्रमांक देणे ही नागरिकाचे म्हणणे बासनात गुंडाळण्याची सभ्य रीत आहे, हे त्यांचे मत अनुभवाने बनलेले होते आणि ते चुकीचे नव्हते.

गावाला पाणी पुरवणाऱ्या कौन्सिलला त्यांनी साडेतीन पानी पत्र लिहिले. विषय : डाळ न शिजण्याबाबत. सोबत शिट्ट्यांचा तक्ता आणि छायाचित्रे तीन. शेवटी मागणी अशी, की सदर पाणी भारतीय स्वयंपाकास निरुपयोगी असल्याचे लेखी कळवावे.

"हे लेखी घेऊन तू काय करणार?" श्यामलाने विचारले.

"तुला दाखवणार."

"मला कशाला? मीही रोज तीच डाळ खातेय की."

"तू खातेस. मी चावतो."

तिने पत्र वाचले, एका ठिकाणी स्वल्पविराम सुचवला आणि म्हणाली, "पाठव." इतक्या सहज मिळालेल्या संमतीने पद्माकर जरा अस्वस्थच झाले.

तीन आठवड्यांत क्रमांक येईल असा त्यांचा अंदाज होता. आला तो चौथ्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, एक धुळकट ट्रक. आणि त्यातून उतरली साठीची, रुंद हॅट घातलेली एक बाई. हातात त्यांचेच पत्र. व्हरांड्यापासून महामारीच्या नियमाप्रमाणे दीड मीटरवर ती थांबली.

"मी ग्लेनिस. कौन्सिलचा पाणी विभाग."

"विभागात आपण कोण?"

"विभागच," ती म्हणाली. "साडेतीन पानं दोनदा वाचली, मेट. आता डाळ दाखवा."

तक्रार वाचून कोणी प्रत्यक्ष पाहायला आल्याचा प्रसंग पद्माकरांच्या आयुष्यात घडलेला नव्हता. त्यांनी डाळ धुवायला घेतली. ग्लेनिसने ट्रकमधून आपल्या घरच्या टाकीतल्या, पावसाच्या पाण्याचा कॅन आणला. एकसारखी दोन पातेली शेगडीवर चढली, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात टाकीचे. पद्माकरांनी घड्याळ लावले, आणि ती बाहेर खिडकीच्या जाळीशी उभी राहून, माश्या हाकलत, तासभर दोन्ही पातेल्यांवर लक्ष ठेवून राहिली. कॉलेजातल्या प्रात्यक्षिकालाही परीक्षक इतके थांबत नसत.

तासाने टाकीच्या पाण्यातला दाणा चमच्याखाली लोण्यासारखा पसरला. नळाच्या पाण्यातला निसटला आणि ओट्यावरून टणटणत गेला.

"तुमचं खरं आहे," ग्लेनिस म्हणाली. "फार जड पाणी आहे. माझ्या तीन किटल्या खाल्ल्या त्यानं."

पद्माकर थांबले. या वाक्यानंतर 'परंतु' येतो, हे त्यांना पाठ होते. तो आला नाही. ज्या दाराला जन्मभर खांदा लावला ते नुसते लोटलेले निघावे आणि माणूस तोल जाऊन आत पडावा, तसे त्यांचे झाले.

"लेखी द्याल?" त्यांनी कसेबसे विचारले.

"आत्ता देते." तिने त्यांच्याच पत्राच्या समासात लिहिले : डाळ शिजत नाही. स्वतः पाहिली. खाली सही, तारीख.

मग तिने ट्रकमधून एक फाइल आणली. पाणी हलके करणारे यंत्र गावाला मिळावे म्हणून तिने वरच्या कार्यालयाला चार वर्षांत पाच पत्रे लिहिली होती. पद्माकरांनी शेवटचे वाचले. 'पाणी अजून तसंच आहे. काहीतरी करा. आभार.'

"यात मागील पत्राचा संदर्भच नाही," ते म्हणाले. त्यांना खरोखर वेदना झाल्या होत्या. "विषयसुद्धा नाही."

"मला पाइप जोडता येतात, लिहिता येत नाही. म्हणून तर आले."

"उत्तर यायला किती लागेल?"

"वर्ष. दीडही लागेल."

पद्माकरांचे खिशातून पेन काढून झाले होते.

संध्याकाळी श्यामला आली तेव्हा टाकीच्या पाण्यातली डाळ घोटून तयार होती. तिने फोडणी दिली. जेवायला बसल्यावर तिची नजर समासातल्या सहीवर गेली.

"मिळालं तुला लेखी," ती म्हणाली. "आता उत्तर द्यायचंय मला. काय कळवू?"

पद्माकरांनी भात कालवला. "त्या बाईची फाइल पाहिलीस? पाच पत्रं, एकाला जावक क्रमांक नाही. आता दर महिन्याला नमुना घ्यायचा, तक्ता करायचा, स्मरणपत्रं पाठवायची. मध्येच सोडून गेलो तर प्रकरण कायमचं बासनात जाईल."

"किती दिवसांचं काम?"

"वर्ष. दीड धर."

"आणि सहा महिने, वर एक दिवस नाही, ते?"

"ती मुदत वस्तुस्थिती माहीत नसताना दिलेली होती," पद्माकर म्हणाले. "हो म्हणून कळव."

श्यामलाने त्यांना आणखी वरण वाढले. चार महिन्यांत पहिल्यांदा ते भातात मुरले. पद्माकरांनी दोन घास सावकाश खाल्ले.

"मोहरी जरा करपली आहे," ते म्हणाले.

"लेखी दे," श्यामला म्हणाली, आणि गुणगुणत ताक आणायला उठली.