मागच्या बाजूचे नाना

नानांना कुठल्याही गोष्टीची पुढची बाजू बघण्यात रस नव्हता. नाना म्हणजे माझे सासरे. दुकानात गेले की मांडून ठेवलेला माल सोडून दुकानदाराच्या पाठीमागच्या पडद्याकडे त्यांची मान वळायची. कोणाकडे नवीन टीव्ही आला की बाकीचे समोर बसून सिनेमा बघायचे आणि नाना टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या फटीत डोकं घालून उभे. "अहो नाना, सिनेमा इकडे आहे," असं कोणी म्हटलं की आतून आवाज यायचा, "तुम्ही बघा सिनेमा. मी तो येतो कुठून ते बघतोय."

मला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट माझ्या माहेरी अजून सांगतात. पोहे झाले, चहा आला, माझी आई माझ्या नसलेल्या गुणांचं कौतुक करत होती, आणि एकदम लक्षात आलं की मुलाचे वडील खुर्चीत नाहीत. शोधाशोध झाली तर ते स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे. तिथून कोट झटकत बाहेर आले आणि भर बैठकीत म्हणाले, "घर चांगलं आहे. फ्रिजच्या मागेसुद्धा झाडलेलं आहे." लग्न तिथेच ठरलं. फ्रिजची मागची बाजू त्याच दिवशी सकाळी माझ्या भावाने आईच्या शिव्या खात झाडली होती, हे मी त्यांना कधीही सांगितलं नाही.

यावरून त्यांना यंत्रांमधलं काही कळत असेल असा कोणाचा समज होईल. अजिबात नाही. ते जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते आणि स्क्रू कोणत्या बाजूला फिरवला की सैल होतो हे त्यांना दर वेळी करून बघावं लागायचं. चालता मिक्सर उघडायचे, आत डोकावून तृप्त व्हायचे आणि मग सगळे भाग पिशवीत भरून दुरुस्तीवाल्याकडे जायचे. "बिघडला होता का, साहेब?" "छे, उत्तम चालला होता." दुरुस्तीवाला त्यांना मनापासून मान द्यायचा, आणि का देऊ नये!

गणपतीत सगळं पुणं रांगेत उभं राहून देखावा बघायचं. नाना मांडवाच्या मागे. एकदा कंसवधाचा हलता देखावा होता आणि आम्ही ताटकळत उभे होतो, कारण कृष्ण नुसताच हात उगारत होता आणि कंस काही पडत नव्हता. थोड्या वेळाने नाना मागून आले ते अगदी खुशीत. "एक गृहस्थ आत दोरी धरून बसतात. त्यांनी ओढली की कंस पडतो. ते चहाला गेलेत." "आणि दर्शन घेतलंत का?" मी विचारलं. "घेतलं की," नाना म्हणाले, "मूर्तीची पाठ फार सुरेख आहे."

अशा माणसाची बायको गेली. आमच्या सासूबाई एका पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. मंदार, म्हणजे माझा नवरा, तेव्हा जर्मनीत कार्ल्सरूहेला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. आमची रेवा तिथेच नुकती पहिलीत जायला लागली होती. सगळे विधी आटोपल्यावर मंदारने नानांचा तीन महिन्यांचा व्हिसा काढला आणि त्यांना आमच्याकडे आणलं. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर सामानाचा पट्टा फिरत होता. एरवी तो पट्टा भिंतीच्या ज्या भोकातून बाहेर येतो तिथे नाना वाकून बसले असते आणि कोणीतरी गणवेशातलं येऊन त्यांना उठवलं असतं. या वेळी ते सगळ्यांसारखे समोर उभे राहून मुकाट्याने बॅगेची वाट बघत होते. मंदारचा चेहरा उतरलेला मला दिसला.

घरी आल्यावरही तेच. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, दिलं ते खायचे, विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. सासूबाई गेल्या त्या दिवशी नाना रडले नव्हते, तेराव्यालाही नाही, आणि आता जणू ते रडण्यापुरतेही जागे नव्हते. मी काय काय केलं! हाउसमाइस्टरला, म्हणजे आमच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, मस्का लावून तळघरातल्या हीटिंगच्या खोलीचं दार उघडून घेतलं. नाना म्हणाले, "नको, त्यांना कशाला त्रास." शेवटी मी वॉशिंग मशीन भिंतीपासून मुद्दाम पुढे ओढलं, मागच्या नळ्या दिसतील अशा बेताने. नाना त्याच्या शेजारून गेले, थांबले, मला वाटलं आता वाकतात, आणि ते म्हणाले, "सूनबाई, हे मागे सरकव. कोणाचा तरी पाय अडखळेल."

व्हिसाचे दिवस सरत होते. हा माणूस असाच परत गेला, तर त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटा काय करेल, या विचाराने मला झोप लागत नसे. मंदार म्हणायचा, वेळ द्यायला हवा. वेळ द्यायला तो घरी असला तर ना! त्या आठवड्यात तर तो कामासाठी हॅम्बर्गला होता.

अशात ट्रामच्या थांब्यावर एक पोस्टर दिसलं. तासाभरावरच्या एका गावात, मोठ्या पार्कात, चिनी कंदिलांचा उत्सव. रेवाने तिथेच ठाण मांडलं. माझी मात्र पंचाईत झाली, कारण दिवाळी तोंडावर होती आणि घरात माणूस गेल्याच्या वर्षी आपण आकाशकंदील लावत नाही. लावायचा नाही, तर बघायला कसं जायचं? मी चाचरत नानांना विचारलं, आणि वर माझंच शास्त्र जोडून दिलं, "चिनी कंदील आपल्यात धरत नाहीत, नाना." ते पहिल्यांदाच किंचित हसल्यासारखे झाले. "मुलीला जायचंय ना? चला."

मंदारचं जुनं जाकीट आणि वर स्वतःची तपकिरी माकडटोपी अशा थाटात नाना निघाले. पार्कात पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. तळ्यात कापडी कमळं, काठावर बगळे, झाडांखाली पांडा, चिनीमातीच्या ताटल्यांचा एक हत्ती, आणि मधल्या हिरवळीवर आमच्या ट्रामच्या दोन डब्यांएवढा लांब ड्रॅगन. एकदम सगळे दिवे लागले. जर्मन माणूस सहसा भारावत नाही, पण त्यांच्या रांगेतूनसुद्धा "आऽह" असा आवाज निघाला. मी सवयीने हात जोडले. नानांनीही जोडले, आणि ते समोर बघत राहिले. समोर! मला वाटलं, संपलं आता.

रेवाला बाथरूमला जायचं होतं. "नाना, इथेच पांडाजवळ थांबा, आलेच," असं सांगून मी गेले. बायकांची रांग कुठल्याही देशात सारखीच. परत आले तर पांडा होता, नाना नव्हते.

आधी मी चिडले, मग घाबरले. फोन नाही, जर्मनचा शब्द येत नाही, थंडी वाढलेली, माणसांची ही गर्दी. आणि ते तळं. ते तळं मला एकदम फार मोठं दिसायला लागलं. गेले दोन महिने ज्या माणसाला कशातच काही उरलं नव्हतं, त्याला मी पाण्याच्या काठी सोडून गेले होते. मंदारला काय सांगू? कमळांकडे बघायची माझी हिंमत होईना.

फाटकाजवळच्या केबिनमध्ये एक धिप्पाड सुरक्षारक्षक होता. त्याने शांतपणे विचारलं, "शप्रिश्ट एर डॉइच?" जर्मन बोलतात का? मी म्हटलं, "नाइन." नाही. "आल्झो," बरं तर मग, असं म्हणत त्याने माइकच माझ्या हातात दिला. तुमच्या भाषेत बोला. अख्ख्या पार्कात, त्या सगळ्या ड्रॅगन-कमळांवरून, माझा आवाज घुमला: "नाना, मी बोलतेय. घाबरू नका. असाल तिथेच उभे राहा. अजिबात हलू नका!"

आपल्याकडे हरवलेल्या माणसाला हेच सांगतात. जत्रेत जाताना लहानपणापासून हेच ऐकलेलं. रक्षकाने विचारलं, काय सांगितलंत? मी भाषांतर केलं. तो म्हणाला, "म्हणजे आता ते इथे येणार नाहीत."

मी पुन्हा माइक मागायला हात पुढे केला. तेव्हा रेवाने माझी बाही ओढली. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायचं ते जर्मन. "मामा, हिंटन!" आई, मागे, मागे! आणि ती ड्रॅगनकडे पळत सुटली. तिच्या मागे मी आणि माझ्या मागे रक्षक. नानांच्या मागच्या बाजूच्या गोष्टी मी साऱ्या जगाला रंगवून सांगायची, पण मला त्या वेळी ते सुचलं नाही. ते नाना सासूबाईंबरोबरच गेले असं मी मनोमन धरून बसले होते. लेकीने तसं काही धरलं नव्हतं.

ड्रॅगनच्या मागे काळं कापड लावलेलं होतं. ते उचलून आम्ही आत शिरलो. वायरींचं जंजाळ, घरघरणारा जनरेटर, आणि ड्रॅगनच्या उघड्या पोटाशी स्टुलावर बसून फाटक्या खवल्यावर नवं कापड चिकटवणारा एक चिनी कारागीर. शेजारी नाना. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कापडाचं टोक धरून, पुतळ्यासारखे ताठ.

"नाना!" मी जवळजवळ किंचाळले.

"अगं, तूच म्हणालीस ना हलू नका म्हणून," नाना ओठसुद्धा कमीत कमी हलवत म्हणाले. "हात अवघडला माझा. आता हललं तर चालेल?"

रक्षक "फरबोटन, फरबोटन" म्हणून रागावला. इथे यायला मनाई आहे. नाना त्याला "थँक यू" म्हणाले. मी रागावणार होते, शब्दही तयार होते, पण नानांच्या नाकाला खळ लागलेली होती आणि डोळे लुकलुकत होते. मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. त्या चिनी गृहस्थाने मला फ्लास्कमधून काहीतरी गरम ओतून दिलं. "चहा समजून पिऊ नकोस," नाना हळूच म्हणाले, "नुसतं गरम पाणी आहे. मी फसलो."

परतीच्या ट्रेनमध्ये नाना आमच्यासमोर बसले आणि त्यांना राहवेना. "सूनबाई, आत बांबूच्या काड्या नाहीत, तार आहे. बल्ब साधे, आपल्या घरच्यासारखे. आणि शेपटीकडे एक मोटार आहे, ती..." बोलता बोलता हातांनी ड्रॅगन उभा करत होते. पलीकडच्या बाकावरच्या जर्मन बाई पेपर खाली करून बघायला लागल्या. मी नुसती ऐकत होते. दोन महिन्यांत नाना एवढं बोलले नव्हते. मोटारीपाशी येऊन ते जरा थांबले तर रेवा पुढे झुकून म्हणाली, "उंड डान?"

"काय म्हणते ही?"

"'मग?' म्हणतेय, नाना. पुढे काय झालं, असं."

नानांनी ड्रॅगन उभा करणारे हात खाली घेतले. खिडकीबाहेर बघायला लागले, तिथे तर नुसता काळोख होता. मग म्हणाले, "तुझी सासू एवढंच म्हणायची. घरी आलो की मी सांगत बसायचो, ह्याच्या मागे हे होतं, त्याच्या मागे ते होतं. तिला त्यात काडीचा रस नव्हता. भाजी निवडता निवडता म्हणायची, 'मग?' आता बघून आलं तरी सांगायचं कोणाला, म्हणून मी..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. माकडटोपी तोंडावर ओढून ते हमसून हमसून रडायला लागले. जर्मन बाईंनी पर्समधून कागदी रुमालाचं पाकीट काढलं आणि काही न बोलता अख्खं त्यांच्या मांडीवर ठेवलं. मी नानांना थांबवलं नाही. रेवा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

नाना नंतर पुण्याला परत गेले आणि चांगली काही वर्षं एकटे, मजेत राहिले. रविवारी फोन आला की मंदारशी तब्येतीपुरतं बोलून "रेवाला दे" म्हणायचे. ते मराठीत, ती जर्मनमध्ये, अर्धा अर्धा तास. आता तेही नाहीत. ते गेले तेव्हा मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण त्या तळ्याकाठी वाटलं होतं तसं वाटलं नाही. माणूस पुरता जगून गेला होता.

मला आठवते ती मात्र ती संध्याकाळ. कार्ल्सरूहेच्या फलाटावर उतरतो न उतरतो तोच हॅम्बर्गहून मंदारचा फोन आला. "नाना कसे आहेत?" त्याने विचारलं. रोज विचारायचा, आणि मी रोज "ठीक आहेत" म्हणायची.

"रडतायत," मी म्हटलं. "आणि भूक लागली म्हणून माझ्या मागे लागलेत."

फोन कटला असं वाटून मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि घोगऱ्या आवाजात मंदार म्हणाला, "मग उभी काय राहिलीस, खायला दे ना त्यांना!"