ओव्याचा गव्हर्नर

ओवे गावात काशिराम घरतला नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. लहानथोर त्याला ‘गव्हर्नर’ म्हणतात. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर घेऊन गेला, की तिथले ड्रायव्हरही तेच म्हणतात.

हे नाव त्याला मिळालं दोन हजार अकराच्या डिसेंबरात. गोवा मुक्त होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून गावानं नाटक बसवलं. अंगापिंडानं थोराड, आवाज भोंग्यासारखा, म्हणून शेवटच्या पोर्तुगीज गव्हर्नरचं काम काशिरामच्या गळ्यात पडलं. प्रभाकर मास्तरांनी लिहिलेल्या नाटकात हा गव्हर्नर लटपटत येई, टोपी सावरताना धाडकन पडे आणि भारतीय सेनाधिकाऱ्याचे पाय धरी. काशिराम पडला की तालमीला जमलेली माणसं पोट धरून हसत. त्यालाही मजा वाटे.

एके दिवशी त्याचे चुलते बुधाजीकाका काठी टेकत तालमीला आले. पंचावन्न साली गोव्याच्या सत्याग्रहात त्यांच्या मांडीत गोळी घुसली होती; तेव्हापासून ते पाय ओढत चालत. सगळे हसले, काका हसले नाहीत.

“काशा, मी ज्यांच्या बंदुकीपुढं छाती काढून गेलो, ती मानसं अशी जोकर व्हती काय रं?”

“नाटक हाय, काका. लोकांना हसवाया…”

“मंग माझी गोळी बी हसन्यावारीच गेली. जोकरासमोर उभं रावाला कालीज लागत नाय.”

तालीम संपताच काशिरामनं मास्तरांना गाठलं. “मास्तर, हा गव्हर्नर खरा कसा व्हता?”

मास्तरांनी सांगितलं. लष्करातला इंजिनिअर, एकेक पायरी चढत जनरल झालेला. गोव्याचा कारभार त्याच्याकडे असतानाच भारताचं सैन्य आत शिरलं. लिस्बनचा हुकूम होता, शेवटचा शिपाई पडेपर्यंत लढा. त्यानं तो मोडला, शरण आला, माणसं वाचवली. मायदेशी गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं. पुढं तिथली राजवट उलथली, तेव्हा कुठं हुद्दा परत मिळाला.

“मंग तसाच दाखवू या ना!” काशिराम म्हणाला. मास्तरांनी जरा आढेवेढे घेतले, पण शेवटचा प्रवेश नव्यानं लिहून दिला.

प्रयोगाला मैदान भरलं होतं. वेणूनं, काशिरामच्या बायकोनं, कोटाला पितळी बटणं लावून दिली होती. काशिराम ताठ उभा राहिला.

“लढलो तर माझं नाव राहील,” तो म्हणाला, “पण ही घरं राहणार नाहीत.”

त्यानं कमरेचं पिस्तूल काढून समोरच्या सेनाधिकाऱ्याच्या हाती दिलं. मान मात्र खाली घातली नाही. मग पहिल्या रांगेतून बुधाजीकाका गरजले, “हां! ह्याला हरवला आमी!”

टाळ्या थांबेनात. वेणू पदरानं डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, “बघ गो, आमचा मानूस.”

पुढच्या वर्षी सुकापूर गावानं नाटकाला बोलावलं. काका हट्टानं टेम्पोत पुढं बसले आणि वाटेत भेटेल त्याला काशिराम दाखवून सांगत राहिले, “पुतन्या हाय माझा.”