छकुलीची गोधडी

गावात कुणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुस्तक उघडून बसायचे. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, तीही सायन्सची. असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. म्हणून हे लिहितानाही संकोच वाटतोय…

आम्ही मूळचे जतकडचे. आता मी परळला नोकरी करते, करी रोडला राहते. माझं सगळं शिक्षण आईने लोकांच्या गोधड्या शिवून केलं. गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे आली होती. एका शनिवारी दुपारी मोकळी होते, तर तिला फोर्टातल्या एका कलासंग्रहालयात घेऊन गेले – तिथे जुन्या गोधड्याही मांडल्यात असं कळलं होतं.

आधी एका भल्यामोठ्या चित्रापुढे ती थबकली. "हे काय गं? पोतेरं मारल्यागत?"

"हळू बोल आई, नावाजलेलं चित्र आहे."

"मग आपली चुलीमागची भिंत बी आण की हितं!"

हसत हसतच गोधड्यांच्या दालनात शिरलो. आणि आई जागीच थांबली.

काचेमागे तान्ह्या बाळाची गोधडी होती. बाकीच्यांचे टाके एका बाजूला झुकलेले, हिचे उलट. आई डावखुरी आहे. कोपऱ्यात कापड कमी पडलं म्हणून माझ्या पिवळ्या फ्रॉकचा अख्खा खिसा जोडलेला, बटणासकट.

"माझा हात हाय ह्यो," आई पुटपुटली. "छकुलीची हाय ही."

छकुली माझी धाकटी बहीण. तान्हेपणीच तापाने गेली. याच गोधडीत गुंडाळून तिला ओढ्याकाठी पुरलं होतं. मी लहान होते, पण डोळ्यांनी पाहिलंय.

"दुसरी कुणाची असेल गं…" म्हणत मी खालची पाटी वाचायला वाकले. त्यावर गोधडी संग्रहात आल्याचं साल होतं – तेव्हा तर आईचा जन्मही झालेला नव्हता!

मग खिशाकडे लक्ष गेलं. मधोमध फुगलेला. छकुलीला नेण्याआधी मी त्यात गुपचूप एक चिंचोका टाकला होता – तिला खेळायला. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. बटणाशेजारच्या फटीतून काहीतरी काळपट, गुळगुळीत चमकत होतं…

आईने काचेवर तळवा टेकला. "मावशी, काचेला हात नको," रखवालदार म्हणाला. तिला ऐकूच गेलं नाही.

पुढे मी संग्रहालयात चौकशी केली. नोंद बरोबरच आहे म्हणाले. मला आजही याचा उलगडा झालेला नाही. आई तर तो मागतही नाही. गावाकडे थंडी पडली की फोनवर एवढंच विचारते,

"मग आपली छकुली उघडीच निजली असंल का गं?"