मागच्या शाफ्टचा सांधा

आमच्या नंदिगड्ड्याच्या घरी एक जुनी फोर-व्हील जीप आहे. चालवतो मी, पण तिच्या शाफ्टना हात लावते धाकटी बहीण. इंजिनाचं बळ चाकांपर्यंत नेणारे हे दोन लोखंडी दांडे, एक पुढे, एक मागे. त्यांच्या सांध्यांना वरचेवर ग्रीस मारावं लागतं.

वडिलांचे, म्हणजे आप्पांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी ग्रीस गन आधी माझ्याच हातात दिली होती. मी ग्रीस भरून गाडीखालून बाहेर आलो. मग ही सहज खाली शिरली, शाफ्ट हलवून म्हणाली, "आप्पा, मागचा सांधा ढिला हाय." त्या दिवसापासून गन तिच्याकडं गेली. आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसत, ती गाडीखालून बोले, आणि दोघांचं हसणं मला खळ्यावर ऐकू येई.

यंदा आत्याला आणायला आम्ही तिघं कॅसलरॉक स्टेशनला निघालो. चढावर खालून धाडधाड आवाज आला. मागचाच सांधा तुटला होता. मला आतून बरं वाटलं. आता तिला बोलणी बसणार.

आप्पा एवढंच म्हणाले, "जुनं लोखंड, तुटायचंच. काय करूया गं?"

"मागचा शाफ्ट काढून ठेवते. फोर-व्हील टाकली की पुढची चाकं वढतील. अण्णा, तू चाकांना दगड लाव."

मी दगड लावले. तिनं नटबोल्ट सोडवले, शाफ्ट उचलून गाडीत मागं टाकला. मी गिअर टाकला आणि गाडी निमूट चढ चढली. स्टेशनात मीच स्टिअरिंगवर होतो, तरी आप्पा आत्याला म्हणाले, "पोरीनं आणली बघ गाडी." तिनं त्यावर फुशारकीही मारली नाही. मारली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

नवा सांधा आणल्यावर मी हट्टानं तिच्या शेजारी गाडीखाली झोपलो. कसा बसवायचा ते तिनं सांगितलं, बसवला मी. ग्रीसही मीच मारलं.

वरून आप्पांनी विचारलं, "झालं काय गं?"

"व्हय. सगळं अण्णानं केलंय."

आप्पांनी खुर्ची गाडीजवळ ओढली. मग म्हणाले, "बरं. तू एकदा हलवून बघ."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि शाफ्टला हात घातला. सांधा घट्ट होता. मी बाहेर येऊन हात पुसत बसलो.